गाद्यांच्या कपाटातले ऑक्टोपस

दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला न सांगता कळतं, असा किनुएबाई ओकुहामा यांचा समज आहे. आमच्या बेटावर एक्क्याण्णव माणसं राहतात आणि त्यांतल्या नव्वदांनी या समजाचे फटके कधी ना कधी खाल्लेले आहेत. बारा वर्षांपूर्वी माझी बायको आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर कोबेला गेली. किनुएबाईंनी त्यांच्या खानावळीतले नवरा-बायकोच्या जोडीचे सगळे चहाचे पेले उचलून ठेवले आणि मी जेवायला गेलो की पोस्टाच्या तिकिटांखेरीज दुसरा विषय निघू दिला नाही. बायको परतली तेव्हा तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा." काय झालं आणि काय गेलं, हे बायको मला अजून अधूनमधून विचारते.

बाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. एकविसाव्या वर्षी शेजारच्या बेटावरून सून म्हणून आल्या, तेव्हा त्यांना ऑक्टोपस नुसता उकडता येत होता. सासूनं तो मिठानं चोळायला शिकवला, वाळवायला शिकवला, आणि भातात शिजवायला शिकवला. एवढं शिकवून झाल्यावर सासू वारली. नवरा, योशिनारी, मडकी टाकायचा. एका दोरीला शंभर मडकी बांधून तळाशी सोडून द्यायची. ऑक्टोपसला अडचणीची जागा आवडते. तो आठही पायांनी, राजीखुशीनं, घरात शिरतो आणि चौथ्या दिवशी घरासकट वर येतो. या धंद्यात आमच्याकडे एकच पथ्य आहे. मडक्यात अंड्यांवर बसलेली आई निघाली, तर मडकं जसंच्या तसं परत खाली. ती अंडी राखत बसते, तोंडात काही घालत नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. तिचं काम चाललेलं असतं. आपण मध्ये पडायचं नाही.

योशिनारी नऊ वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर बाईंनी दोन गोष्टी हातच्या सोडल्या नाहीत: धक्क्यावरची पाच टेबलांची खानावळ आणि आठ ऑगस्टचं श्राद्ध.

हे श्राद्ध ऑक्टोपसांचं असतं. वर्षभरात जेवढे खाल्ले त्या सगळ्यांचं मिळून एक. आठव्या महिन्याची आठवी तारीख आणि पाय आठ, त्यामुळे मुहूर्त काढताना पूर्वजांना फार डोकं चालवावं लागलं नसावं. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कुणी मडकी उचलत नाही. किनाऱ्यावर फुटक्या मडक्यांचा ढीग रचलेला आहे, त्याच्यापुढे गुरुजी मंत्र म्हणतात, एक जिवंत ऑक्टोपस पाण्यात सोडतात, आणि मग सगळे किनुएबाईंकडे जाऊन ऑक्टोपसचा भात खातात. ज्यांचं श्राद्ध त्यांनाच खायचं, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलेलं नाही. उपकार मानायचे तर रिकाम्या तोंडानं कशाला मानायचे?

हल्ली मात्र मानणारेच उरले नव्हते. गेल्या वर्षी अकरा माणसं आली आणि त्यांतले तिघे बोटीची वाट बघत होते. मार्चमध्ये मच्छीमार सोसायटीची बैठक झाली तेव्हा अध्यक्ष कात्सुजी सेतोगुची यांनी विषय काढला.

"मोठ्या बंदरावर सगळ्या माशांचं एकत्र श्राद्ध होतं," ते म्हणाले. "आपले ऑक्टोपस त्यातच घालू. गुरुजींना आणायला पहाटे बोट मी काढायची, ते माझ्याच बोटीत ओकणार, ते मीच धुवायचं, आणि मंत्र ऐकायला कोण? तर अकरा डोकी."

"बांगड्यांबरोबर?" किनुएबाई म्हणाल्या.

"सगळ्यांबरोबर."

"कात्सुजी, बांगडा हजारांच्या घोळक्यात जगतो, घोळक्यात मरतो. त्याला एकत्र चालतं. ऑक्टोपस जन्मभर एकटा राहतो. मेल्यावर त्याला बांगड्यांच्या गर्दीत ढकलणार तू?"

"ताई, तो मेलेला असतो."

"तुझ्या बापाला ढकललं असतंस?"

कात्सुजी अडुसष्ट वर्षांचे आहेत, पण बाई सून म्हणून आल्या तेव्हा शाळेत जाणारं पोर होते. ते वय काही भरून निघत नाही. शेवटी असं ठरलं, की यंदाचं एक वर्ष बघायचं. तीस माणसं आली तर श्राद्ध बेटावर राहील, नाही आली तर पुढच्या वर्षापासून बांगड्यांबरोबर. बाईंनी स्वतःच्या हातानं एक कागद रंगवला आणि मोठ्या बंदरावरच्या तिकीट खिडकीशेजारी चिकटवला: "ऑक्टोपसांचं श्राद्ध. आठ ऑगस्ट, सकाळी दहा. कुणीही यावं. नंतर जेवण आहे." खाली एक ऑक्टोपस काढला होता. त्याला पाय सात झाले होते, कारण कागद संपला.

जुलै संपेपर्यंत या कागदाचा कुणावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

ऑगस्टच्या तीन तारखेला दुपारी मी खानावळीत नूडल्स खात होतो, तेव्हा फोन वाजला. बाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलेला असतो, की त्यांचं खाजगी बोलणं धक्क्यावर जाळी विणणाऱ्यांनाही तोंडपाठ असतं.

"मी ओकायामाहून नात्सुहो बोलतेय," एक तरुण बाई म्हणाली. "आठ तारखेला आम्ही आलो तर चालेल का? आमच्या यात्सुदेबाई गेल्या."

किनुएबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि फोनपुढे वाकल्या. "अरेरे! कधी?"

"मागच्या शुक्रवारी. रात्री साडेअकराला."

"आजारी होत्या का?"

"नाही. अंडी राखत होत्या."

बाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि परत कानाला लावला.

"सगळी फुटली?"

"सगळी. शेवटचं पिल्लू वर पोहत गेलं, त्यांनी बघितलं, आणि मग..." पुढचं रडण्यात गेलं.

"मग चांगली गेली ती," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना नाही जमत. काही जणी आधीच दम सोडतात."

पलीकडे रडणं थांबलं. "आजी, गेल्या आठ दिवसांत मला कुणी एवढं धीराचं बोललं नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, चित्रातली तर होती."

असा हळूहळू उलगडा झाला. समुद्राच्या तळाशी एक धर्मशाळा-खानावळ आहे, ती चालवणारी यात्सुदे नावाची ऑक्टोपस आहे, आणि तिची ॲनिमे मालिका देशभर तीन वर्षं चालून नुकतीच संपली होती. चाहत्यांना मनसोक्त रडायला जागा नव्हती. तेवढ्यात कुणीतरी तिकीट खिडकीवरचा तो सात पायांचा कागद बघितला, फोटो काढला आणि सगळीकडे पाठवून दिला.

"आमचं श्राद्ध खऱ्या ऑक्टोपसांचं असतं हो," बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"माहीत आहे ना आजी. पण ऑक्टोपससाठी मंत्र म्हणणारे गुरुजी दुसरीकडे कुठे शोधायचे आम्ही?"

बाईंना ते पटलं. "किती जण याल?"

"दीडशेच्या आसपास."

बाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. उजळला का ते मला कळलं, पडला का ते त्यांनीच सांगितलं.

"पोस्टमास्तर, घरातलं माणूस गेलंय यांचं. आणि मी यांच्यापुढे काय वाढू? त्याच माणसाचे तुकडे?"

"तेच वाढतो ना आपण दर वर्षी?"

"आपण तिला नावानं ओळखत नव्हतो," बाई म्हणाल्या. बारा वर्षांपूर्वी जोडीचे पेले उचलून ठेवले होते, तोच हा स्वर होता.

मी परत नूडल्सकडे वळलो. चुकलं माझं, पण मला अनुभव होता.

पुढचे चार दिवस किनुएबाई दुसऱ्यांची मनं जपत होत्या. भातासाठी मीठ चोळून, उकडून ठेवलेला अकरा किलो ऑक्टोपस त्यांनी सात तारखेच्या पहिल्या बोटीनं मोठ्या बंदरावरच्या एका हॉटेलात धाडून दिला. त्याच्याऐवजी कंदमुळांची भाजी आणि तळलेला टोफू घातलेला भात करायचं ठरवलं. राहिले वाळत घातलेले. खानावळीमागे बांबूच्या काड्यांनी हातपाय ताणलेले छत्तीस ऑक्टोपस पतंगासारखे दोरीवर लटकत होते. शोक करायला आलेल्या माणसानं मागच्या दारानं बाहेर यावं आणि त्याला हे दिसावं, या कल्पनेनंच बाईंना घाम फुटला. त्यांनी छत्तीसही उतरवले आणि झोपायच्या खोलीत गाद्यांच्या कपाटात, गाद्यांच्या थरांमध्ये, एकेक करून सपाट घालून ठेवले. यातलं एक अक्षर कात्सुजींना सांगितलं नाही.

आठ तारखेला सकाळी पहिल्या बोटीतून अठ्ठ्याहत्तर माणसं उतरली, दुसऱ्या बोटीतून पासष्ट. एवढी गर्दी बेटावर शेवटची कधी झाली होती हे कुणालाच आठवेना, पण आवाज कसला म्हणून नाही. काळे कपडे नव्हते. सगळे जांभळ्यात होते, कारण यात्सुदेबाई जांभळ्या होत्या. कुणाच्या पिशवीला तिचे शंभर-शंभर बिल्ले, कुणाच्या कडेवर तिची कापसाची बाहुली. सगळ्यांच्या हातात तिचा चेहरा आणि कातरलेली अक्षरं चिकटवलेले गोल हातपंखे होते. "आमच्याकडे बघा", "एक हात हलवा", आणि एकावर, "आठही हलवा". न सांगता दोन-दोनची रांग लावून ते मडक्यांच्या ढिगाकडे निघाले. वाटेत कात्सुजी उभे होते. टक्कल पडल्यापासून त्यांना बेटावर मागून 'ऑक्टोपस' म्हणतात हे त्यांना माहीत आहे. पण दीडशे माणसांनी आपल्याकडे एवढ्या मायेनं पाहावं, हे त्यांना नवीन होतं.

गुरुजी बोटीतून पांढरेफटक होऊन उतरले होते. रांग बघून त्यांना रंग आला आणि दर वर्षी गाळतात तेही मंत्र त्यांनी म्हटले. जिवंत ऑक्टोपस सोडायचा मान नात्सुहोला दिला. ती तिशीची, चष्मेवाली मुलगी होती आणि विम्याच्या ऑफिसात काम करत होती. तिनं बादली तिरकी केली. ऑक्टोपसनं मागे वळून पाहिलं नाही. तरी सगळ्यांनी तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवले.

मग जेवण. टेबलं पाच, म्हणून धक्क्यावर चटया घातल्या. बाईंनी वाट्या भरल्या, सोसायटीच्या बायकांनी वाटल्या. सगळ्यांनी आधी वाटीशेजारी आपापली बाहुली बसवली, फोटो काढले, हात जोडले. आणि मग कुणी खाईना. लोक चॉपस्टिकनं भात उलटापालटा करत होते, खालचा वर आणि वरचा खाली.

नात्सुहो वाटी घेऊन आत आली. "आजी, त्या कुठे आहेत?"

"कोण गं?"

"यात्सुदेबाई."

बाई समजूतदारपणे हसल्या. "मला कळतं गं. म्हणून तर नाही घातलं. तुम्हाला बघवलं नसतं."

नात्सुहोचा चेहरा असा झाला, की हातातली वाटी मी धरावी की काय असं मला वाटलं.

"आजी, आमच्यात ज्याच्यावर जीव असतो ना, त्याच्या वाढदिवसाला त्याच्या चेहऱ्याचा केक करतात. आणि तो कापून खातात. डोळे कुणी खायचे यावरनं मैत्री तुटते. आणि यात्सुदेबाई तर खानावळवाल्या! रोज वाढताना म्हणायच्या, ताटात कोण आहे त्याला आधी ओळखा, मग खा. आम्ही ओळखायला आणि खायला आलोय."

तिच्यामागे एक आडदांड तरुण येऊन उभा राहिला होता. "मी दोन आठवडे ऑक्टोपसला शिवलो नाही आजी," तो म्हणाला. "सुतक पाळलं. ओसाकात राहून. ओसाकात दोन आठवडे म्हणजे काय, कल्पना आहे तुम्हाला? कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचीच भजी तळतात हो! मी नाकाला रुमाल लावून ऑफिसला गेलो."

एवढ्यात कात्सुजी आले. त्यांनी बाईंच्या पातेल्यात डोकावलं. मग झाकण अगदी हळू, झालेला आनंद लपवायचा असतो तसं, परत ठेवलं.

"ताई, हे काय?"

"भात."

"कशाचा?"

"डोळे आहेत ना तुला?"

"ऑक्टोपसचा भात खाल्ल्याशिवाय श्राद्ध पुरं होत नाही. जेवल्यावरच वहीत नाव चढतं. नियम माझा नाही, तुझ्या सासूचा." त्यांनी कोरी वही काखेत मारली. "अपुऱ्या श्राद्धाला माणसं किती आली, ते मोजायचं कारण नाही. आज समुद्रातलं मडकंही उचलता येत नाही. अन् एक होता तो आत्ताच सोडला. पावणेएकला बोट आहे. बांगडे काही वाईट नसतात गं."

किनुएबाई चुलीजवळ उभ्या होत्या. पंचावन्न वर्षं सांभाळलेलं श्राद्ध त्यांच्या स्वतःच्या समजूतदारपणानं बुडत होतं आणि ते त्यांना कळत होतं. मी त्यांना बोलताना, रागावताना, नवऱ्याच्या अंत्यविधीला जेवण वाढताना पाहिलंय. काय करावं ते सुचत नाही असं मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाई," मी म्हणालो, "कपाटात छत्तीस जण आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग नात्सुहोकडे. आणि मग, मला वाटतं उभ्या आयुष्यात प्रथमच, समोरच्याच्या मनात काय आहे ते त्यांनी त्यालाच विचारलं.

"वाळवलेले चालतील तुम्हाला? बघवेल? हातपाय ताणून काड्या लावल्यात गं त्यांना."

"आजी, कुठे आहेत?"

झोपायच्या खोलीत चार-पाच जण शिरले आणि कपाट उघडलं. गादी, ऑक्टोपस, गादी, ऑक्टोपस. आडदांड तरुणानं सर्वांत वरचा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचे डोळे भरून आले. हुंदका होता की भूक, ते मी विचारलं नाही. सुतक फिटायची वेळ झाली होती.

"पण तास लागेल," बाई म्हणाल्या. "भाजायचे, कातरायचे, तांदळात घालून शिजवायचे. तुमची बोट जाईल."

"तास?" नात्सुहो म्हणाली. "एका बिल्ल्यासाठी आम्ही नऊ तास रांगेत उभे राहिलोय. पावसात. आणि बिल्ला दुसऱ्याच कुणाचा निघाला."

मग जे झालं, त्याला आमच्या बेटावर अजून नाव पडलेलं नाही. धक्क्यावर सात शेगड्या मांडल्या. कोळसा दमट होता, पेट घेईना. तेव्हा दीडशे जणांनी हातातले पंखे खाली केले आणि वारा घालायला सुरुवात केली. अशा कामासाठीच हातपंखा जन्माला आला हे सगळेच विसरले होते, त्या पंख्यासकट. "एक हात हलवा"नं एक शेगडी फुलली, "आठही हलवा"नं दुसरी. ऑक्टोपस निखाऱ्यावर आले, कडांनी वळले, आणि तो वास सुटला, जो आमच्याकडे घरातून पळून गेलेली मुलंही परत आणतो. कातरायला एकच कात्री होती. पण पंख्यांवरची अक्षरं कापून चिकटवणाऱ्या माणसाच्या पिशवीत कात्री नसते असं होत नाही. साठ-सत्तर कात्र्या निघाल्या. बाई रांगेतून फिरत होत्या.

"केवढे तुकडे करतोयस? नखाएवढे कर. तू कोण, शिंपी की काय? छान. हे बघा, हिच्यासारखे."

"आजी, पाय मोजायचे का?"

"मोज. माझ्या कागदावर एक कमी पडला होता, तो भरून काढ."

पावणेएकच्या बोटीनं भोंगा दिला. एकही माणूस उठला नाही. कप्तानानं तिसऱ्यांदा भोंगा दिला, वास घेतला, बोट बांधून ठेवली आणि वाटी घेऊन चटईवर येऊन बसला.

भात दीडला उतरला. वाळवलेल्याचा भात ओल्याच्या भातापेक्षा गडद होतो, दाताला काम देतो आणि चव उशिरा सोडतो. म्हातारी माणसं म्हणाली, खरा हाच. किनुएबाईंच्या सासूच्या वेळी श्राद्धाला हाच असायचा, ओला नंतर आला, लोकांना घाई झाल्यावर. दीडशे जणांनी वाटीतला तुकडा वर धरून नीट पाहिला, ओळख दिली आणि खाल्ला. बरेच जण रडत होते, पण दुसऱ्यांदा वाढून घेताना कुणी थांबलं नाही. कात्सुजींनी तीन वाट्या खाल्ल्या, तिसरी उभ्यानं, कुणी बघत नाही असं समजून.

मग त्यांनी वही उघडली. चाहते मंडळी एकमेकांना खऱ्या नावानं ओळखत नाहीत, त्यामुळे जे नाव होतं ते त्यांनी लिहिलं.

"'यात्सुदेचा तिसरा हात'," कात्सुजींनी मोठ्यानं वाचलं. "हे नाव आहे?"

"हो काका," ओसाकाचा तरुण म्हणाला.

"आणि 'पाचवा हात' तुझा भाऊ का?"

"नाही, तो सेंदाइचा. आजच भेटला."

"अकरा हात झाले इथवर. ऑक्टोपसला आठ असतात."

"दोन तिसरे आहेत काका. आमचं बोलणं चाललंय."

बेटावरची माणसं आणि बाहुल्या सोडून एकशे त्रेचाळीस डोकी भरली, कप्तान धरून एकशे चव्वेचाळीस. कात्सुजींनी बेरीज दोनदा केली. दोन्ही वेळा ती तीसच्या वरच आली. मग त्यांनी वहीच्या खाली लिहिलं, "पुढील वर्षी बेटावरच", आणि किनुएबाईंकडे न बघता म्हणाले, "गुरुजींना ओकारीची गोळी तू द्यायची, ताई."

"देईन. आणि बोट मी धुवीन."

"तू कशाला? माझी बोट आहे."

जाताना मंडळींनी चटया झाडल्या, कोळशाची राख उचलली, आणि आपला कचरा आपल्याबरोबर नेला. चटयांवर एक चॉपस्टिकसुद्धा मागे राहिली नाही. नात्सुहोनं एक पंखा ठेवून घ्या म्हटलं. बाईंनी चुलीपाशी खिळ्याला तो अडकवला आणि आता रोज वापरतात. यात्सुदेबाईंच्या डाव्या डोळ्यावर काजळी धरली आहे. गाद्यांचा वास ऑक्टोबरपर्यंत गेला नाही. बाई म्हणतात, त्यांना झोप छान लागते.

दुसऱ्या दिवशी मडकी उचलायला सुरुवात झाली. मी टपालाची पिशवी घेऊन धक्क्यावर उभा होतो. बोट अगदी जवळ होती. कात्सुजींनी एक मडकं वर घेतलं, आत पाहिलं, आणि थांबले. आत आई असणार, अंड्यांवर. दर वर्षी अशा मडक्याची ते दोरी सोडून देतात, धप्प करून, बस्स. या वेळी त्यांनी ते दोन्ही हातांनी पाण्यात धरलं आणि हळूहळू जाऊ दिलं. मग टोपी काढली. उन्हात ते डोकं चमकलं. इकडेतिकडे बघून, धक्क्यावर फक्त पोस्टमास्तर आहे अशी खात्री करून, त्यांनी हात हलवला. एकच.